सिग्नलला एक घास

प्रिय सुदर्शन,

अनेक आशीर्वाद. हे सवयीने लिहिलं आहे. पुढे पत्रात ते फारसे सापडणार नाहीत, तेव्हा इथेच घेऊन ठेव. पत्र बघून तुला आश्चर्य वाटेल. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस. 'हो आई, हो आई' म्हणतोस आणि मीटिंगला पळतोस. ईमेल करायची तर ती तुझ्या बायकोकडून, रुपालीकडून टाइप करून घ्यावी लागेल, आणि तुझ्यामाझ्यातलं हे भांडण मला तिच्या हातून लिहवून घ्यायचं नाही. टेलिफोन खात्यात जन्मभर मी परक्या लोकांची बोलणी जोडून दिली, आणि स्वतःच्या मुलाशी बोलायला मला पोस्टाचं तिकीट चिकटवावं लागतंय.

रविवारी सकाळी तुझे ते बाबुराव आले. जुन्या गाड्यांचे एजंट. तू अमेरिकेतून त्यांना फोन करून गाडी विकायला काढलीस आणि घरात एका शब्दाने कुणाला सांगितलं नाहीस. बेल वाजली तेव्हा रुपाली तेजूच्या वेण्या घालत होती. साहेबांनी सांगितलंय, गाडी दाखवा, असं ते म्हणाले. तिला वाटलं, चुकून आपल्या दारात आले. खाली पार्किंगमध्ये त्यांनी गाडीची चारही दारं उघडली, नाक आत घालून वास घेतला, सीटच्या फटीत बोट फिरवून भाताचं एक वाळलेलं शीत काढलं आणि तळहातावर धरून तिला दाखवलं. म्हणाले, मॅडम, लहान मुलांची गाडी आहे, किंमत पडणार. समोरच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत उभे होते. ऑफिसात एवढी माणसं जिच्या हाताखाली काम करतात ती मुलगी स्वतःच्या सोसायटीत मान खाली घालून उभी राहिली. संध्याकाळी तुझा फोन आला. गाडीची पार वाट लागायच्या आत विकून टाकू, रुपालीने कंपनीच्या बसने जावं, मुलांना आई बघेल, आणि नसेल झेपत तर नोकरी सोडावी, माझा पगार पुरतो. नळ बंद करायला सांगावं इतक्या सहज तू हे सांगितलंस.

'मुलांना आई बघेल.' ती आई मीच ना? मग मला विचारायचं तरी. तुझ्या बाबांना अर्धांगवायू झाला त्याला आता बरेच दिवस झाले, तुला ती बातमी जुनी वाटत असेल. मला ती रोज सकाळी नवीन असते. त्यांना उठवणं, बसवणं, तोंड धुणं, कुशीवर वळवणं. गोदाबाई येते ती दुपारपुरती. त्यात समर्थ आणि तेजू घरभर धावायला लागले की ते दचकतात, चिडतात, आणि बोलता येत नाही म्हणून रडतात. म्हणून मुलं हिंजवडीच्या पाळणाघरात जातात, रुपालीच्या ऑफिसच्या शेजारी. कंपनीच्या बसमध्ये मुलं घेत नाहीत. म्हणजे गाडी गेली की पाळणाघर गेलं, आणि पाळणाघर गेलं की तिची नोकरी गेली. इंजिनिअर माणसाला हे मी समजावून सांगावं?  परवा पोळ्या लाटताना रुपाली म्हणाली, की महिनाअखेर ऑफिसात राजीनामा देऊन टाकते, आई, रोजची कटकट नको.

त्या गाडीचं तुला काय प्रेम आहे ते मला ठाऊक आहे. शोरूममधून आली तेव्हा सीटवर प्लॅस्टिक होतं, ते तू काढू दिलं नाहीस. वर्षं गेली, पाहुणे आले, लग्नं झाली, प्लॅस्टिक तसंच. सोफा नवा असेपर्यंत चादर, चादर नवी असेपर्यंत तिच्यावर टॉवेल, ही आपल्या घराची रीतच आहे म्हणा. पण मे महिन्यात त्या प्लॅस्टिकवर मुलांच्या उघड्या मांड्या चिकटायच्या. उठवताना तेजू ओरडायची. रुपालीने एके दिवशी कात्री घेतली आणि सगळं कापून काढलं. दिवाळीला तू आलास, गाडीचं दार उघडलंस आणि तोंड असं केलंस की मला वाटलं, कुणाचं काही बरंवाईट झालं. मग काही दिवसांनी हळदीचा डाग सापडला. मग दुधाचा वास. त्याच दिवशी तू प्रिंटर सुरू करून पाटी छापलीस आणि डॅशबोर्डवर चिकटवलीस. 'वाहनात खाद्यपदार्थ आणण्यास व खाण्यास सक्त मनाई आहे. अपमान झाल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही.' तुझे मित्र हसले. खरा पुणेकर म्हणाले. दुकानदार पाटी लावतो ती गिऱ्हाइकासाठी. तू ती बायकोसाठी लावलीस, आणि तिने ती वाचत वाचत रोज ऑफिसला जावं म्हणून विमानात बसलास.

आता ती गाडीत काय खानावळ चालवते ते ऐक, कारण तू कधी विचारलं नाहीस. सात वाजता मुलं अर्धवट झोपेत असतात, घास तोंडात धरून बसतात, गिळत नाहीत. घरात भरवायचं तर ऑफिस चुकतं. म्हणून गाडीत. सुरुवातीला पोहे नेले, ते सगळीकडे झाले. बिस्किटांचा नुसता भुगा, शिवाय पुडा रोज नवा लागतो आणि पोट भरत नाही. केळ्याचा डाग काळा पडतो. तुझ्या नव्या फ्लॅटच्या हप्त्यांमुळे हात आखडता घ्या म्हणून तूच बजावून गेला होतास, तेव्हा बाहेरचं विकत घ्यायचा प्रश्नच नव्हता. मग आम्ही दोघी डोकं लावून बसलो. दुधात भिजवलेल्या कणकेची दशमी, आत गूळतूप, घट्ट सुरळी करून. थालीपीठ मऊ थापून कात्रीने बोटाएवढ्या पट्ट्या. मऊ भात तुपात कालवून त्याचे लहान लाडू; त्यातल्याच एका लाडवाचं शीत बाबुरावांना सापडलं. बाबांचा जुना रेनकोट होता, स्कूटरवर घालायचे तो. आता ते तो घालणार नाहीत. मी तो फाडून दोघांना बाह्यांसकट डगले शिवले, खाली पोटाशी मोठा खिसा, सांडलं की त्यात. सीटवर माझं मऊ सुती पातळ, कडा चारी बाजूंनी खोचलेल्या. संध्याकाळी ते गॅलरीत झटकायचं, चिमण्या वाट बघत असतात. ओला रुमाल साबणाच्या डबीत. दूध घरीच, गाडीत नुसतं पाणी. हळदीचा तो डाग आहे ना, तो ही सगळी व्यवस्था व्हायच्या आधीचा आहे. त्यानंतर गाडीला डाग पडलेला नाही. पण तू आलास तो तपासायला, आणि तपासणाऱ्याला जुनंच सापडतं.

आणि एक नियम आहे, तो रुपालीचा. गाडी चालू असताना घास नाही. चालत्या गाडीत ठसका लागला तर मागे हात पोचत नाही. गाडी थांबली की घास. तू गेल्यावर एकदा गोदाबाईला सकाळीच बोलावून घेतलं आणि मी त्यांच्याबरोबर गेले, मागे दोघांच्या मध्ये बसून. मला वाटलं, आपण भरवू, तेवढाच तिला आराम. पण मुलं माझ्या हातून घेईनात. पौड रोडला सिग्नल लाल झाला, गाडी थांबली, आणि दोघांनी एकदम तोंडं उघडली. कुणी सांगितलं नाही. रुपाली वळली, एक घास समर्थला, एक तेजूला, आणि हिरवा व्हायच्या आत पुन्हा पुढे. समर्थ मला म्हणाला, आजी, तू मध्येच नको देऊस, हिरवा आहे ना आता. चांदणी चौकात गर्दी तुंबलेली, लोक हॉर्न वाजवून एकमेकांना शिव्या घालत होते, आणि आपल्या गाडीत तिघं खूश, कारण तिथे दशमी संपते. बायपासला गाडी धावते, तेवढ्यात ती ऑफिसची उजळणी करते, ओठ हलताना दिसतात. वाकडच्या पुलाखाली पुन्हा खोळंबा, तिथे थालीपीठ. पाळणाघराच्या दारात दोघांची तोंडं पुसलेली, डगले काढलेले, कपडे कोरे. मग ती आरशात बघून स्वतःचे केस सारखे करते. तिने स्वतः काय खाल्लं, असं मी विचारलं. म्हणाली, आई, माझ्यासाठी कुठे कोण सिग्नलला थांबतंय. हसत म्हणाली. मला मात्र तुझी पाटी डोळ्यांसमोर दिसत होती आणि ती ओरबाडून काढावी असं वाटत होतं. तिने काढू दिली नाही. ते आले की काढतील, म्हणाली.

तुला काय कसं भरवलं ते तुला आठवणार नाही. मी एक्स्चेंजला जायचे तेव्हा तू माझ्या कडेवर, बसमध्ये. बसायला जागा नसायची. एका हाताने दांडा, आणि डबा कोपरात धरून तुला मेतकूटभात. एकदा डेक्कनजवळ बसने गचका दिला आणि तू सगळा घास शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर उडवलास. ते लग्नाला चालले होते. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. त्यांनी धोतराचा सोगा झटकला आणि मला म्हणाले, बाई, आधी त्याला पोटभर घालून घ्या, नवरदेव काही माझं धोतर बघायला बसलेला नाही. मला त्यांचं नावही माहीत नाही. परक्या माणसाला जे त्या गर्दीत कळलं ते तुला स्वतःच्या गाडीत, स्वतःच्या मुलांबद्दल कळू नये, याची मला चीड येते. नुसतं वाईट वाटत असतं तर मी गप्प बसले असते.

आणि डागाचं नाव तरी कशाला घेतोस? मी तिथेच होते. पाडव्याला रुपालीने तुला ओवाळलं. तबकात काय टाकू, असं तू मोठ्या ऐटीत विचारलंस. ती म्हणाली, काही नको, मलाच तुम्हाला एक सांगायचंय, मला टीम लीड केलं. तुझ्या हाताखाली किती माणसं, असं तू लगेच विचारलंस. तिने सांगितलं. तुझ्या टीमपेक्षा मोठी टीम होती. तू हसलास, वा, आता मॅडम म्हणायला हवं, म्हणालास आणि तबकात पाकीट टाकलंस. त्याआधी दोन दिवस तू तीच गाडी चालवत होतास, सासुरवाडीला जाऊन आलास, डाग तिथेच होता, तुला दिसला नव्हता. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तुला डाग दिसला, वास आला आणि प्रिंटर सुरू झाला. बाबा बोलू शकत नाहीत, पण त्यांनी त्या संध्याकाळी माझ्याकडे पाहिलं होतं. त्यांनाही कळलं. फक्त रुपालीला कळलं नाही, किंवा कळून तिने न कळल्यासारखं केलं. ती अजूनही त्या सीटवर लिंबू आणि सोडा घासते आहे. तिला वाटतं, डाग गेला की सगळं मिटेल.

आता पत्राचं कारण. बाबुराव काल परत आले. गिऱ्हाईक मिळालं आहे, मालकाची सही हवी, म्हणाले. तू मला रविवारच्या फोनवर सांगूनच ठेवलं होतंस, आई, ते दाखवतील तिथे सही कर. कागद उलगडला, त्यावर मालक म्हणून माझंच नाव होतं, आणि तू काय विसरलास ते माझ्या लक्षात आलं. गाडी घेतलीस तेव्हा घरातली पहिली गाडी आईच्या नावावर, असं तू शोरूममध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला होतास. माझ्या हातून नारळ फोडून घेतलास, फोटो काढलास, मागच्या काचेवर 'आईचा आशीर्वाद' लावलास. सोसायटीत सगळे म्हणाले, मुलगा असावा तर असा. पैसे तुझे, हे मला ठाऊक आहे. पण गाडी माझी आहे, सुदर्शन, तूच तशी करून दिलीस. बाबुरावांना मी चहा दिला आणि बिनसहीच्या कागदासकट परत पाठवलं. मग रुपालीला घेऊन आरटीओत गेले आणि गाडी तिच्या नावावर करायच्या अर्जावर सही केली. ती नको नको म्हणत होती, तिला मी दटावून गप्प केलं. तुझी परवानगी मागायला हे लिहिलेलं नाही, कळवायला लिहिलं आहे. मे महिन्यात येतो म्हणाला आहेस. विमानतळावर तुला घ्यायला गाडी येईल का, ते आता तिला विचार, आणि विचारशील तेव्हा नीट विचार.

तुझीच, अजून तरी,
आई