अकरा वर्षांच्या तारा

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

माझ्या हातांनी बनवलेल्या वस्तूंची यादी आधी, बाकीचं मागाहून. गिटारीच्या जातीचा बास एक: चार तारांचा, अंग शाळेच्या मोडीत काढलेल्या बाकांचं, मान तीन पट्ट्या चिकटवून केलेली, तारांखालची घोडी पितळेची, कानशीने घासून काढलेली. तारांचा आवाज पकडणारा त्याचा पिकअप एक: आठ हजार सहाशे वेढे, मोजून. दोनदा तार तुटली, दोनदा पहिल्यापासून सुरुवात केली. पंधरा इंची स्पीकरचा खोका एक, अठरा मिलिमीटरच्या प्लायचा. अँप एक. केबली नऊ, त्यांतली एक तुझ्या माइकला असते आणि ती तू स्वतःची समजतोस.

तुमच्या रेकॉर्ड कंपनीने विम्यासाठी फॉर्म पाठवलाय, त्यात वस्तू कोणत्या कंपनीची असा रकाना आहे. मी प्रत्येक ओळीला ‘स्वतः’ असं लिहिलंय. कोणी हसलं तर हसू दे.

इस्पितळाच्या सहा पंपांच्या मोटारी वेढायला आल्यात. त्या सोडून वीस तारखेआधी मला हलता येत नाही. म्हणून आपल्या बँडच्या रेकॉर्डिंगसाठी बास बाकीच्या सामानाबरोबर टेम्पोतून पुढे जातोय, मी मागून येतो. पंधरा वर्षांत तो पहिल्यांदाच माझ्याशिवाय गावाबाहेर चाललाय. उन्हात ठेवू नका, भिंतीला टेकवून ठेवू नका, आणि तारांना हात लावू नका. का ते विचारू नका.

फोन करू नकोस. फोनवर तू माझं तोडतोस, मी तुझं तोडतो. पत्रात निदान एकाचं वाक्य पुरं होतं.

मायेत कमी करू नये, सामानात तर नाहीच.

तुझा,
दादा

१२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सामान सुखरूप पोचलं. ड्रमवाल्याने टेम्पोत तुझ्या खोक्याला मिठी मारून प्रवास केला, असं तो सांगतो. झोपला असणार. इथे रेकॉर्डिंग करणारा माणूस फारसं बोलत नाही, आम्ही त्याला आवाजवाला म्हणतो. त्याने खोक्याभोवती दोन चकरा मारल्या आणि हा कुठे मिळतो म्हणून विचारलं. मी छाती फुगवून सांगितलं की आमच्या घरी मिळतो, पण मालक विकत नाही आणि ग्राहकाला आधी शिव्या देतो.

आता एक गंमत. येत्या महिन्यात तुझी पन्नाशी. तुला काय द्यावं हा मोठाच प्रश्न, कारण काहीही दिलं की तू ते उघडून आतली चूक दाखवतोस. मग सुचलं. तारांचा खर्च नको म्हणून तू इतकी वर्षं तीच दोरखंडं वाजवतोस, आम्ही तुला चिक्कू म्हणून चिडवतो आणि तू हसून ऐकून घेतोस. म्हणून बास इथल्या सगळ्यात मोठ्या दुकानात नेला आणि त्याला उत्तमातल्या उत्तम तारा चढवल्या. दुकानदार जुन्या तारा चिमटीत धरून म्हणाला की यावर कपडे वाळत घाला. तिथेच टाकून दिल्या. नवा आवाज तपासायला आवाजवाल्याने ओळखीतल्या एका शिकलेल्या बासवाल्याला बोलावलं, त्याने आमच्याबरोबर दोन गाणी वाजवून पाहिली. काय खणखणीत वाजतोय म्हणून सांगू! तू ओळखणारही नाहीस.

वीस तारखेची घाई करू नकोस. आधी ड्रमचं काम, मग माझं गाणं, असं चाललंय. तुझी पाळी आली की मीच कळवतो.

रागावलास तरी माया आवरती घेऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझा,
धाकटा

१७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र उभ्याने वाचायला घेतलं, दुसऱ्या परिच्छेदाला खाली बसलो.

ओळखणार नाही म्हणतोस ते खरं आहे. आता कारण ऐक. त्या तारा मी पैसे वाचवायला ठेवल्या नव्हत्या. तुझा आवाज मऊ आहे, आणि शब्दाचं शेवटचं अक्षर तू हलकेच सोडून देतोस. नवी तार छेडली की झणझणत राहते, आणि ते अक्षर खाऊन टाकते. तार जुनी झाली, बोटांचं तेल, घाम, धूळ तिच्यात मुरली की ती धप्प वाजते आणि गप्प बसते. तेवढ्या जागेत तुझा शब्द पुरा होतो. पहिल्या चार वर्षांत मी पाच जोड बदलून पाहिले. पाचवा जोड मुरला तेव्हा मी तुझ्या मागे उभा राहून पहिल्यांदा गाण्यातला प्रत्येक शब्द ऐकला, आणि ठरवलं की आता याला हात लावायचा नाही. त्याला अकरा वर्षं झाली. तुझा शब्द न् शब्द कळतो, असं लोक तुला येऊन सांगत, तेव्हा मी मागे केबली गुंडाळत असायचो.

तुला हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गळा कमी पडतो, असं तू मनात घेतलं असतंस आणि ओरडायला लागला असतास. त्यापेक्षा मी चिक्कू म्हणवून घेतलं. माझं मला काही वाटलं नाही.

दुकानात जा. त्यांच्याकडे कचरा कधी उचलतात ते विचार. पोतं उपसायची वेळ आली तर उपस. आणि माझी तारीख कळव. पंपांचं काम परवा संपतंय, पिशवी भरून तयार आहे.

शोध लागला तर लोभ शाबूत, नाही लागला तर पाहू.

दादा

३ मार्च

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी यांना न सांगता लिहीत आहे. शाळेच्या शिक्षकखोलीत बसून लिहिते आहे, मुलांच्या वह्यांचा ढीग समोर घेऊन, म्हणजे कोणी विचारणार नाही.

तुम्ही दोन आठवडे पिशवी भरून बसला आहात हे मला तुमच्या पत्रावरून कळलं. ते पत्र यांनी उशीखाली ठेवलं होतं. दादा, तुम्हाला बोलावणार नाहीत. बासचं काम झालं. तो तपासायला आलेला शिकलेला बासवाला आहे ना, त्यानेच अकराही गाणी वाजवली. इथे कानात टकटक ठेका देणारं यंत्र लावून वाजवतात. आवाजवाल्याने तुमची जुनी ध्वनिफीत त्या टकटकीवर लावून दाखवली आणि तुम्ही प्रत्येक ठोक्याला किंचित मागे पडता असं सांगितलं. हा माणूस बरोबर ठोक्यावर येतो. मग बँडमधल्या तिघांत हात वर करून मतं घेतली. पेटीवाला म्हणाला दादांना विचारल्याशिवाय नको. ड्रमवाल्याने हात वर केला. यांनीही केला. त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला ते गमतीचं पत्र लिहिलं. तारा मात्र त्याआधीच आणल्या होत्या, आणि त्या खरोखर भेट म्हणूनच. तेवढं खोटं समजू नका.

आता आणखी एक. अकरा गाणी तयार झाली आणि ऐकायला बसलो, तर यांचे शब्दच कळेनात. मी आठवीच्या मुलांचं अक्षर लावते, पण नवऱ्याचं गाणं मला लागलं नाही. आवाजवाल्याने चार दिवस खटपट केली. शेवटी यांनी तुमचं पत्र बाहेर काढून सगळ्यांना वाचून दाखवलं. दुकानात जाऊन आले, कचरा केव्हाच गेला होता. तुम्हाला काहीतरी लिहून येईल. ते येईल तेव्हा तुम्हाला आधीच माहीत असावं, म्हणून मी लिहिलं.

राग मोठा असणार, पण त्यात मला धरू नका. एवढा हक्क सांगते.

तुमची,
मास्तरीणबाई (तुम्हीच ठेवलेलं नाव)

८ मार्च

चि. सौ. मास्तरीणबाईंस,
अ. उ. आ.

तुम्ही लिहिलंत, बरं केलंत. घरात एक तरी माणूस सरळ ओळीत लिहितं.

ड्रमवाल्याला गर्दी दिसली की तो सुटतो. टाळ्या पडल्या की आणखी सुटतो. मी जाणूनबुजून केसभर मागे वाजवतो, म्हणजे त्याला माझ्यासाठी थांबावं लागतं आणि सगळं गाणं जागेवर राहतं. त्याचा हात गोड आहे, चारचौघांत त्याला कशाला बोलून दाखवायचं म्हणून मी हे त्याला पंधरा वर्षांत सांगितलं नाही. मी मागे पडत नव्हतो, त्याला धरून होतो. त्याने हात वर केला हे वाचून मला हसू आलं, ते फार वेळ टिकलं नाही.

पिशवी रिकामी केली. सदरे पुन्हा खुंटीला लावले. तुमच्यावर राग नाही, तुमचं नाव या पत्रापलीकडे जाणार नाही.

दादा

१९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र चौथ्यांदा लिहितोय. आधीची तीन फाडली.

बास दुसऱ्याने वाजवला. मी हात वर केला. कोणी जबरदस्ती केली नाही. मला हे रेकॉर्ड हवं होतं दादा, फार हवं होतं, मी बेचाळिसाचा झालो. आवाजवाला म्हणाला की यात एकच अडचण आहे, आणि ती अडचण कोण ते माहीत असून मी हात वर केला. मग तुला कळवायची हिंमत झाली नाही, म्हणून घाई करू नकोस असं लिहिलं.

तुझं तारांचं पत्र आल्यापासून मी स्वतःचं गाणं ऐकतो आणि मला ती शेवटची अक्षरं शोधावी लागतात. आवाजवाला म्हणतो की तुझ्याकडून बास पुन्हा नीट लावून मिळाला तर बासचं काम नव्याने करू. वाजवणारा तोच राहील, कारण करार त्याच्याशी झालाय. बास तुझ्याकडून बँड विकत घेईल. आणि पावसाळ्यानंतर दौरा आहे, त्यात तू सोबत असावास, सामानाची जबाबदारी तुझी, अशी सगळ्यांची इच्छा आहे. पेटीवाल्याचीही. रेकॉर्डच्या पाकिटावर बास बनवणारा म्हणून तुझा उल्लेख करू. आकडे सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलेत, पत्रात लिहायला हात चालला नाही.

तू काहीही ठरवलंस तरी मला धाकटाच म्हण.

तुझा,
धाकटा

६ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

गुरुवारी सकाळी येऊन गेलो. तू रेडिओवर मुलाखतीला गेला होतास. पेटीवाल्याने आधी कळवलं होतं, म्हणून तीच वेळ साधली. तुमची ती खोली पाहिली. चांगली आहे. भिंतींना चौकटी ठोकून आत लोकर भरलीय, दाराला दुहेरी काच. माझा बास मात्र भिंतीला टेकवून ठेवला होता.

शिकलेला बासवाला तिथेच होता. मला वाटलं होतं कोणी शिष्ट असेल. दोन मुलांचा बाप आहे, डोक्यावर केस कमी, मला पाहून उठून उभा राहिला. मी त्याला वाजवायला सांगितलं. त्याने तुमचं तिसरं गाणं, ते संथ चालीचं, वाजवलं. मी पंधरा वर्षं बसवलेली जागा न् जागा त्याने उचललीय, आणि मधल्या एका उडीला त्याची बोटं माझ्यापेक्षा स्वच्छ पडतात. हे मी तुला लिहितोय, कारण मोजमापात मी लबाडी करत नाही. वाजवून झाल्यावर त्याने मला विचारलं की तुम्ही कसं करत होतात. पंधरा वर्षांत हा प्रश्न मला विचारणारा तो पहिला.

मग आवाजवाल्याने रेकॉर्ड लावलं. ऐकलं. परक्या लोकांना काय, मलाही एक वाक्य धड कळलं नाही.

माझा बास मी पोत्यात गुंडाळून घेतला. पण त्याआधी अर्धा तास बसलो. त्या माणसाच्या स्वतःच्या बासला घोडीजवळ तारांखाली भांडी घासायच्या स्पंजाची बोटभर रुंद पट्टी सरकवली, उजव्या तळव्याची कड तारांवर कशी टेकवायची ते दाखवलं, आणि खर्जाच्या तारेवर जोर कमी करायला सांगितलं. अकरा वर्षांच्या तारेसारखं होणार नाही. दहात सात जमेल. तुझी अक्षरं ऐकू येतील. तेवढ्यासाठी बसलो, दुसरं काही समजू नकोस. ड्रमवाला दारातून डोकावून गेला, मी मान वर केली नाही.

खोका, अँप आणि आठ केबली टेम्पोने परत पाठव. तुझ्या माइकची ठेव.

मला पाकिटावर घालू नका. तो बास बनवणारा कोण, असं कोणी विचारलं, आणि मग तो वाजवत का नाही असं पुढे विचारलं, तर तुला उत्तर द्यावं लागेल. तुझ्या उत्तरांचा मला आता भरवसा नाही.

धाकटाच आहेस. ते काही हात वर करून ठरत नाही.

दादा

ता. क. पुढे कोणी याचं वेगळं सांगू नये म्हणून तुझ्या चिठ्ठीवरचं जसंच्या तसं लिहून ठेवतो. मी नाही म्हटलं ते याला: बासचे एक लाख चाळीस हजार, रोख. आणि दौऱ्यावर दुसऱ्याच्या हातातल्या त्याच बासची देखभाल करायला, राहणं-जेवण धरून, महिना अठरा हजार.