घडीतला खडू

प्रिय बटण,

हे नाव वाचून हसलीस ना? शिलाई मशीनखाली बसून रंगांप्रमाणे बटणं लावत बसायचीस, म्हणून बाबांनीच ठेवलेलं. फोनवर मी "सगळं ठीक" एवढंच म्हणते, कारण पुढच्या खोलीत बाबा असतात आणि तुझा विषय निघाला की त्यांचं मशीन जोरात चालायला लागतं. म्हणून पत्र. कागद पाठकोरे आहेत, चालवून घे. दुकानाची जुनी बिलं मला फेकवत नाहीत.

बाबांना रक्ताचं दुखणं झालंय. घाबरू नकोस. म्हणजे घाबर, पण आधी वाचून संपव. हाडांच्या आत जिथं रक्त तयार होतं तिथंच बिघाड आहे, पेशी अर्ध्याकच्च्या राहतात. पायडल मारताना त्यांना धाप लागते, मग सुईत दोरा ओवतोय असं दाखवून थांबतात. मला काय कळत नाही?

डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाची असेल. मी म्हटलं, बाई, मी मॅट्रिक झालेली, मला झेपेल असं सांगा. तर ती खुर्ची ओढून जवळच बसली. म्हणाली, डीएनए डोळ्यातही तोच आणि यकृतातही तोच. मग डोळा डोळाच कसा राहतो? तर काही जनुकांवर मिथाइल नावाच्या बारीक खुणा असतात आणि अशा खुणा बसल्या की ते जनुक बहुधा गप्प बसतं. या खुणा करणारी एन्झाइमं असतात. त्यातलं एक फार इमानदार. एका पेशीच्या दोन होताना डीएनएच्या जुन्या धाग्यासमोर नवा कोरा धागा तयार होतो. हे एन्झाइम जुन्यावरची खूण बघतं आणि समोर नव्यावर तशीच उमटवतं. खुणा वाईट नव्हेत गं, त्यांच्यावाचून शरीर चालायचंच नाही. मलाही संसारात कितीतरी गोष्टी गप्प ठेवाव्या लागल्या. पण बाबांच्या पेशींत त्या भलतीकडे बसल्यात. वाढीला आवर घालणारी, पेशी नीट घडवणारी जनुकंच मुकी झालीत.

मला काय आठवलं सांगू? बाबा कापडाची घडी घालून आतल्या एका बाजूवर खडूनं रेघ मारतात, घडी मिटतात आणि वरून थापटतात. उघडलं की दुसऱ्या बाजूवरही तीच रेघ. हे मी तिथं बोलून दाखवलं तर बाबा म्हणाले, "दुकान इथं कशाला आणलंस?" पण त्यांचा हात मांडीवर थापटत होता.

सुईतून देतात ते औषध त्या खुणा पुसत नाही. ते नव्या धाग्यात जाऊन बसतं आणि ते एन्झाइम तिथंच अडकून पडतं. थापटणारा हातच धरून ठेवल्यासारखं. मग पेशी वाढतील तशी खूण विरळ होत जाते, मुकी जनुकं बोलायला लागतात. लागली तर. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, आणि येईपर्यंत महिने जातात. आधी तर रक्त आणखीच उतरतं. नेमकं तेवढंच बघून बाबा परवा म्हणाले, "बास. आता सुई नको." बाई सांगतेय, इतक्यात सोडलं तर कळणारच नाही. मी देवाला साकडं घातलं, रागावले, रडले, जेवणार नाही म्हटलं. "नको जेवूस, तेवढीच बचत," म्हणाले.

तुझी आत्या तू कधी पाहिली नाहीस. आजोबांना न विचारता तिनं लग्न केलं आणि तिचं नाव घरात बंद झालं. तू तशीच गेलीस तेव्हा बाबांच्या तोंडून आजोबांचेच शब्द निघाले, सूरसुद्धा तोच. मी त्याला इतकी वर्षं स्वभाव म्हणत आले. आता वाटतं, ती रेघ त्यांनी मारलेलीच नव्हती, समोरून उमटली होती.

काल दुपारी ते बऱ्याच दिवसांनी कापायच्या टेबलाशी उभे राहिले. तुझ्यासाठी घेऊन ठेवलेलं ते निळं सुती कापड काढलं. मला वाटलं होतं, विकलं असेल. खिळ्यावरचा तुझ्या मापाचा जुना कागदी नमुना त्यावर ठेवला, खडू उचलला, आणि रेघ मारलीच नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे माप जुनं झालं. बटणचं आता काय असेल?" नाव घेतलं गं त्यांनी! मी म्हटलं, मागवून घेते. तर म्हणाले, "कळवलेल्या मापावर मी कधी कापलंय?"

म्हणून हे पत्र. सुयांची पुढची फेरी सोमवारी आहे आणि ते अजून नाहीच म्हणतायत. माझं ऐकत नाहीत. तू समोर उभी राहिलीस तर कापड पुरं करायला तरी उठतील, दवाखान्यात येतील. कापड टेबलावर पसरलेलंच आहे, मी त्याची घडी घातलेली नाही. माप लिहून पाठवू नकोस. बाबा सकाळपासून टेप गळ्यात अडकवून बसलेत.

वाट बघणारी, तुझीच,
आई