गाडी पाणी पिते

८ एप्रिल, सोमवार

कर्नाटकात, अमरगोळच्या मार्केट यार्डामागे मालतीअक्कांचं गॅरेज आहे. तीन पिकअप, दोन ड्रायव्हर आणि आजपासून मेकॅनिक म्हणून मी, मेधा. कोल्हापुरात चार वर्षं मदतकेंद्रात बसून फोनवर गाड्या दुरुस्त केल्या. आता एकदाचं हाताला ग्रीस लागेल. गॅरेजच्या वरची खोली मिळाली, खिडकीतून कांद्याचे ट्रक दिसतात. अक्कांच्या घरात मराठीच चालतं, पण फोनवरच्या मुलाखतीत त्यांनी मला कन्नड बोलायला लावलं आणि कितीतरी वेळ नुसतं ऐकत राहिल्या. माझ्या कन्नडची कीव आली असणार. दुपारी स्वतःच्या हातानं गुळाचं पानक करून दिलं. एवढे लाड आईनंही केले नव्हते.

१० एप्रिल

पांढरी पिकअप कलघटगीहून तापून आली. काटा लाल पट्ट्यात, कूलंटची टाकी रिकामी. ड्रायव्हर मारुती म्हणाला, गाडी पाणी पिते, म्हणजे हेड गॅस्केट गेलं. या लोकांना गॅस्केटपलीकडे काही सुचत नाही. रेडिएटरला पंप लावून दाब दिला, अर्धा तास पातळी जागची हलली नाही. ऑइल स्वच्छ, धूर पांढरा नाही, टाकीत बुडबुडे नाहीत, म्हणजे गॅस्केट शाबूत. टाकी भरून पेनानं खूण केली आणि गाडीखाली पुठ्ठा पसरला.

१२ एप्रिल

पुठ्ठा कोरडा. गाडी दोन दिवस जागची हलली नाही, तरी पातळी दोन बोटं उतरली. मला अशी भानगड आवडते. अक्का बाजारात गेल्या तेव्हा कूलंटमध्ये गळती शोधायचा रंग टाकला. जांभळ्या टॉर्चखाली तो हिरवा चमकतो. टॉर्च मारुती दुर्गदबैलच्या बाजारातून आणणार आहे.

दुपारचं पानक प्यायलं की डोकं जड होतं. ऊन बाधलं असेल.

१४ एप्रिल

सकाळपासून उलट्या. झिंगल्यासारखी चालते आहे. अक्का उशाशी बसून पानक पाजत होत्या. बोलता बोलता मुलाचं सांगितलं, विनायकचं. मागच्या मे महिन्यात हीच पिकअप कलघटगीच्या रस्त्यावर उकळली. त्यानं मदतकेंद्राला फोन करून विचारलं, रेडिएटरचं झाकण उघडू का. तिकडची बाई म्हणाली, तगी. उघड. वाफेनं त्याचं तोंड सोलून काढलं. अकरा दिवस जगला.

ती बाई मी.

मला तडी म्हणायचं होतं. तडी म्हणजे थांब. फोन कर्नाटकातला म्हणून मी कन्नड झाडलं, आणि तोही माझ्यासाठी कन्नडच बोलला. दोघंही मराठी. किंकाळी ऐकून मी फोन ठेवला आणि कुणाला काही बोलले नाही.

आजही बोलले नाही. लाज वाटली. अक्का माझे केस विंचरत होत्या.

१५ एप्रिल

टॉर्च आला. गाडीखाली काहीच नाही. फक्त रेडिएटरच्या तळाची तोटी चमकते. तिथून एकेक थेंब — स्वयंपाकघराच्या पायरीपर्यंत. पानकाचा पेला आतून हिरवा. कूलंट म्हणजे गोड विष, गुळात चव कळत नाही.

आरशात माझे दात —

१६ एप्रिल

कालपासून लघवी नाही. कंबर फुटते आहे. फोन सापडत नाही. मारुतीला आणि दुसऱ्या ड्रायव्हरला अक्कांनी दोन दिवस गावी पाठवलं म्हणे. दाराला बाहेरून कडी.

ओरडून सगळं कबूल केलं, मराठीत. अक्का बाहेर खुर्ची टाकून बसल्या आहेत. म्हणाल्या, विनायकच्या मोबाइलमधलं त्या फोनचं रेकॉर्डिंग वर्षभर रोज ऐकलं, तुझा आवाज मुलाखतीतच ओळखला.

दुपार

तगी, अक्का, तगी. मुठी आपटून हेच म्हणते आहे.

म्हणाल्या, तो दुसरा शब्द नीट म्हणून दाखव, मग बघते. चुकले. परत म्हणायला लावलं. परत. आता जीभ नीट वळते. तडी. स्वच्छ म्हटलं.

बरं, थांबते, म्हणाल्या. आणि खुर्ची दाराशी सरकवून परत बसल्या

पेन धरवत ना