नावं घेऊन मोजायचं

गारखेडा,
दिवाळीच्या सुट्टीचा सहावा दिवस

प्रिय ज्ञानेश्वरी,

पाकीट बघून घाबरू नकोस, घरात सगळे ठणठणीत आहेत. बजाजनगर इथून रिक्षाने तासाभरावर, फोन तर हातातच, मग ताईला पत्राची उबळ कुठून आली, असं तुला वाटेल. खरं सांगू? फोनवर तुझ्याशी बोलायला लागले की दोन मिनिटांत मी नुसती तुझी मोठी जाऊ होते. भाजी काय केलीस, भाऊजींची पाळी कोणती, सत्यमचा खोकला गेला का, एवढं विचारून मी फोन ठेवते आणि जे बोलायचं ते पोटातच राहतं. ऋतुराजचे बाबा उद्या वाळूजला कामावर जाताना हे तुझ्या दारात देतील. त्यांना वाचायचं नाही म्हणून बजावलंय, पण पाकीट नीट चिकटवलंय का ते तूही बघून घे.

मुलांना सुट्टी लागली त्या सकाळी विशाखा सातलाच चपला घालून जिन्यात जाऊन बसली. कशाला, तर काकू येणार म्हणून. गेली चार वर्षं हेच तर चाललं होतं. सुट्टी लागली की पहिल्या रविवारी सत्यमला कडेवर घेऊन तू दारात उभी, खांद्याला ती निळी पिशवी, आणि आमच्या दोन्ही पोरांना घेऊन जी जायचीस ती दिवेलागणीलाच परत. मे महिन्यापासून मात्र तू आली नाहीस. गणपतीत आलीस ती पाहुणी येते तशी, आरती झाली की निघालीस. सुट्टीचं विचारलं तर म्हणालीस, भाऊजींचा ओव्हरटाइम आहे, सत्यमची शाळा नवीन आहे. मी बरं म्हणाले. खरं कारण मला ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे तुलाही ठाऊक आहे.

ते लिहायच्या आधी तुझं कौतुक करून घेते. इतक्या वर्षांत तोंडावर कधी केलं नाही, मोठ्या जावेच्या जिभेला तेवढं वळण नसतं. तू लेकरांना बाहेर नेतेस ते बघण्यासारखं असतं गं. आम्ही पोरांना घेऊन निघतो तेव्हा पुढे चालतो आणि मागे वळून ओरडत राहतो. तू नेहमी सगळ्यांच्या मागे. तुझे वडील बिरूतात्या मेंढरांच्या मागून चालतात तशी. पोरं सांगतात, म्हैसमाळच्या चढावर सगळ्यात धाकट्याच्या पावलाने सगळ्यांना चालवलंस, आणि ऋतुराजसारखा वारा प्यायलेला पोरगाही निमूट चालला. त्याच्या दप्तराला तू घुंगरू बांधलंस आणि पाण्याची बाटली त्याच्याच गळ्यात घातलीस. मी म्हटलं, त्याला कशाला, तो सांडेल. तेव्हा तू म्हणालीस, जे सगळ्यात नाठाळ त्याच्याच गळ्यात घंटा बांधायची, मग ते पळत नाही, मिरवतं. दमलास का, हे तू कधीच विचारत नाहीस. दर थांब्याला मूठभर गूळ-शेंगदाणे हातावर ठेवतेस आणि त्या मुठीसाठी पोरं पुढचा चढ चढून जातात. आणि तो तुझा आवाज, जीभ टाळूला लावून काढलेला! मला तो लिहिताही येत नाही. तो ऐकला की तिन्ही पोरं असतील तिथे उभी राहतात आणि तसाच आवाज परत देतात.

सगळ्यात जास्त मला तुझं मोजणं आवडतं. आम्ही एक, दोन, तीन म्हणतो. तू प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून नाव घेतेस. ऋतुराज, विशाखा, सत्यम. तीनच तर आहेत, नावं कशाला, असं मी एकदा हसून म्हटलं होतं. तेव्हा तू म्हणालीस, तात्या सांगतात, आकडा चुकतो, तोंड चुकत नाही. मला ती अडाणीपणाची गंमत वाटली होती. दौलताबादच्या अंधारीत, किल्ल्यातल्या त्या काळोख्या भुयारात, ती गंमत माझ्या गळ्याशी आली.

मी तुमच्याबरोबर आले ती त्या एकाच वेळी. मे महिन्यातला रविवार, किल्ल्यावर ही गर्दी. अंधारीच्या तोंडाशी तू सगळ्यांना पाणी पाजलंस आणि पोरांना सांगितलंस, कुणी चुकलं तर परत इथंच यायचं, या काकडीवाल्या मावशीपाशी बसायचं. मग मला म्हणालीस, ताई, तुम्ही पुढं व्हा, मी मागं राहते. मी ऐकलं नाही. माझे गुडघे दुखतात, मी सावकाश येते म्हणून मीच शेवटी राहिले. खरं तर त्या काळोखात पुढे व्हायची मला भीती वाटत होती. तू विशाखाचा हात माझ्या हातात दिलास, वरून आपली मूठ दाबलीस आणि म्हणालीस, बाहेर पडेपर्यंत सोडू नका.

मी सोडला. आत डोक्यावर वटवाघळं चिरकली, आणि मी घाबरून दोन्ही हातांनी पदर डोक्यावर ओढून घेतला. क्षणभरच. मागून लोकांचा लोंढा आला, मी चाचपडले, एक लहानसा हात लागला, तो घट्ट धरला. बाहेर उन्हात आलो तेव्हा डोळ्यांपुढे नुसत्या चांदण्या. मी मोजलं. तुझ्या दोन बाजूंना दोन, माझ्या हातात एक. तीन. मोजणी बरोबर भरली होती. चला, आहेत सगळे, असं मीच म्हणाले. तू मात्र आपल्या सवयीने नावं घ्यायला लागलीस. ऋतुराज, सत्यम, आणि पुढचं नाव तुझ्या तोंडातच राहिलं. तू माझ्या हाताकडे बघत होतीस. माझ्या हातात हिरव्या शर्टातला कुणाचा तरी मुलगा होता, मजेत माझ्याकडे बघत. तेवढ्यात त्याची आई धावत आली, "बाजी, ये तो हमारा मुन्ना है," म्हणाली आणि घेऊन गेली.

त्यानंतर मी जे बोलले ते मी सहा महिने रोज ऐकते आहे. मी तुझ्यावर ओरडले, "ज्ञानेश्वरी, विशाखा तुझ्यापाशी होती ना?" तू माझ्याकडे एकदाच बघितलंस. आणि म्हणालीस, "व्हय ताई, माझ्यापाशीच होती. तुम्ही हितंच बसा." मी रडत धावत सुटले होते, तू मला धरून बसवलंस. चुकलेल्याच्या मागं पळालं की ते आणखी लांब जातं, एवढंच म्हणालीस. मग कठड्यापाशी जाऊन उभी राहिलीस आणि तो आवाज दिलास. थांबलीस. पुन्हा दिलास. माणसं बघत होती, कुणी हसत होतं. पाचव्या का सहाव्या वेळी खालून, खंदकाच्या बाजूने, बारीकसा तसाच आवाज आला. माझी लेक माघारी फिरून काकडीवाल्या मावशीपाशी जाऊन बसली होती, तिखटमीठ लावलेली काकडी खात. तू शिकवलं होतंस तसंच केलं तिने. मी काय शिकवलं होतं तिला, आठवत नाही.

घरी आल्यावर मी रडत होते आणि तू गप्प होतीस, त्यामुळे गोष्ट आपोआप तुझ्या नावावर गेली. ऋतुराजचे बाबाही तुला बोलले. आणि आपल्या सासूबाईंनी ते वाक्य म्हटलं. "मेंढरं राखणं येगळं अन् लेकरं राखणं येगळं." तुझं माहेर काढलं. तू आणि भाऊजींनी मनाने लग्न केलंत तेव्हाही त्या इतकं लागेल असं बोलल्या नव्हत्या. मी तेव्हा भाकरी थापत होते. माझ्या हातातली भाकरी थांबलीसुद्धा नाही. एक शब्द बोलले असते तर तुझी सुटका होती. तू त्यांच्या पाया पडलीस, सत्यमला उचललंस आणि निघालीस. निळी पिशवी आमच्याच खुंटीला राहिली. ती अजून तिथेच आहे.

परवा विशाखाच्या हट्टापायी मीच दोघांना बीबीच्या मकबऱ्यात नेलं. म्हटलं, त्यात काय एवढं? लोकांच्या बायका नेत नाहीत का? तर दारापासूनच माझी त्रेधा. मी पुढे, पोरं मागे, मी ओरडतेय आणि ती ऐकत नाहीत. डबा घरीच राहिला, चिप्सवरून भांडणं झाली, ऋतुराजच्या गळ्यात बाटली अडकवायचंही मला सुचलं नाही. आणि कारंज्यापाशी बघते तर तो नाही. मी धावणार, तेवढ्यात माझ्या सहा वर्षांच्या लेकीने मला पदराला धरून खाली बसवलं, तोंडाशी हात धरला आणि तुझा तो आवाज काढला. झाडांच्या मागून ऋतुराजने लगेच तसाच दिला. मी तिथेच गवतावर बसून रडले. विशाखाला वाटलं, मी तिच्यावर रागावले. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, तवा तूच हात सोडला होता ना? काकू म्हणली, कुणाला सांगायचं नाय. आईला लई वाईट वाटंल."

सहा महिने, ज्ञानेश्वरी! तिन्ही पोरांनी सहा महिने तोंड उघडलं नाही. आमच्या ऋतुराजच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यानेही नाही. मी तुला सासूपुढे उघडं पाडलं आणि तू मला माझ्याच लेकरांपुढे झाकून ठेवलंस. एवढं मोठं मन तू कुठून आणलंस गं? मी वयाने मोठी, मानाने मोठी, आणि त्या गवतावर मला माझी उंची कळली.

काल जेवताना मी सगळ्यांपुढे सांगितलं. हात मी सोडला, खोटं मी बोलले, ज्ञानेश्वरीला सगळं ठाऊक होतं. ऋतुराजचे बाबा ताटावर हात धरून बसले. सासूबाईंनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "मंग म्या ते बोलले ते कुणाला बोलले?" आणि उठून गेल्या. आज सकाळी बघते तर कढईत शेंगदाणे भाजत बसलेल्या. गूळ फोडून ठेवलेला. त्यांनी खुंटीवरची निळी पिशवी काढून झटकली आणि त्यात पुडी घातली. तोंडाने माफी मागणं त्यांना येणार नाही, ते मीच इथे मागते, त्यांचीही आणि माझीही. तुझं माहेर काढलं त्याबद्दल तर बिरूतात्यांच्या पायाशी जाऊन मागेन, तू नेशील तेव्हा.

आता हे पत्र कशासाठी, ते. येत्या रविवारी पोरांना वेरूळला जायचंय आणि मी त्यांना सांगितलंय की काकूला विचारते, आपण हुकूम करायचा नाही. तू नाही म्हणालीस तर तो तुझा हक्क आहे, मी पोरांना खरं कारण सांगेन. पण आलीस तर मलाही ने. मी पुढे चालेन, तू म्हणशील तिथे थांबेन, बाटली माझ्या गळ्यात घातलीस तरी चालेल. सगळ्यात मागे तू राहा. आणि डोंगर उतरून खाली आलो की तू ऋतुराज, विशाखा, सत्यम म्हणशील ना, त्यांच्यामागे माझंही नाव घे. मी तसाच आवाज देईन. विशाखा मला कालपासून शिकवते आहे, अजून नीट येत नाही.

तुझीच,
मंजुषाताई