तुझ्या मुलाचा व्हिसा

आई, तुझा मुलगा अजून माझ्याकडेच आहे. तुला वाचता येत नव्हतं आणि मी चौथीतून उठले, त्यामुळे शुद्धलेखनाची काळजी आपल्या दोघींनाही नाही. जाताना माझा हात धरून म्हणालीस, तुरुंगातून सुटला की त्याला जवळ घे. मी हो म्हटलं नव्हतं, आठवतंय ना? शिमग्यात पालखी आधी कुणाच्या अंगणात नाचवायची, एवढ्यावरून भावकीतल्याच माणसाच्या डोक्यात याने बांबू घातला आणि तो जागच्या जागी मेला. असल्याला जवळ घ्यायचं म्हणजे कुठे, उशाशी? पण तू सांगून मोकळी झालीस. हा सुटला तेव्हा गावात कुणी दारात उभं करेना. माझा मुलगा म्हणाला, "आई, मामाला इकडे घेऊया. अल क्वोजच्या किचनला माणूस पाहिजेच आहे." मुलाचं केटरिंग आहे, लेबर कॅम्पांना डबे जातात आणि किचन मी सांभाळते. म्हणून हा दुबईला आला. त्याला आता तीन वर्षं होत आली. दोन महिन्यांपूर्वी मुलगा गाडीची चावी फिरवत मला विचारतो, "मामाचा व्हिसा संपतोय. रिन्यू करू की खलास? तू सांग, रोज तुझ्यासमोर असतो." बघ, जजसाहेबांचं काम माझ्या गळ्यात.

मी म्हटलं, बघते. तुला खरं सांगू, मला याचा संशय येतो तो वाईट वागतो म्हणून नाही, चांगला वागतो म्हणून. लहानपणी एक शब्द खाली पडू द्यायचा नाही आणि आता म्हणे "हो अक्का", "बरं अक्का". इतका गरीब कोण असतो? गरीब दिसणारा माणूस आतून काय शिजवतोय ते कळत नाही. सुऱ्या मी कपाटात ठेवते आणि किल्ली माझ्या कमरेला असते. त्याला मी पीठ मळायला दिलं, चपात्या लाटायला दिल्या. किचनच्या मागच्या खोलीत तो झोपतो. एकदा तो गाडीत डबे चढवत होता तेव्हा मी त्याची पिशवी उघडून बघितली. तुझी मुलगी आहे, बघणारच. आत कपडे आणि रुमालात बांधलेली शिळी चपाती. मी सरळ विचारलं, "जेवायला कमी पडतं का इथे? चपाती कशाला लपवतोस?" त्याने पिशवी का उघडली असं विचारायला हवं होतं. म्हणाला काय, "लपवत नाही अक्का, ठेवतो."

मग तो सिनेमा झाला. शुक्रवारी डबे गेले की तो आमच्याकडे जेवायला येतो. नात शाळेतून कसलासा प्रोजेक्ट म्हणून जपानी सिनेमाची सीडी घेऊन आली होती. एक माणूस जेलमधून सुटतो आणि बंदराच्या गावात मासे साफ करायच्या शेडमध्ये कामाला लागतो. मला वाटलं, कार्टीने मुद्दाम आणली. "मुद्दाम आणलीस ना?" तर म्हणते, "आजी, प्लीज! टीचरने दिली." खालचं इंग्रजी वाचून ती मला अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिंदीत सांगत होती. सांगण्यासारखं फार नव्हतंच. सगळे नुसते वाकतात आणि गप्प बसतात. बर्फ पडतोय, मासे कापतायत, कुणी सरळ तोंड उघडून "तू माणूस मारलास ना?" असं विचारत नाही. मालकाची बायको मात्र मला पटली. त्याच्यावर डोळा ठेवून असायची. रोज त्याच्या खोलीबाहेर जेवणाचा ट्रे ठेवायची, दार वाजवायची आणि तो बाहेर यायच्या आत निघून जायची. मी म्हटलं, हुशार बाई आहे. नात खदखदून हसली. "आजी, दॅट्स यू! दॅट्स सो यू!"

तुझा मुलगा दाराजवळ खाली बसला होता. खुर्चीवर बस म्हटलं तरी बसत नाही. तो पण हसला. मला वाटतं, इथे आल्यापासून पहिल्यांदा. मी म्हटलं, "दात काय काढतोस?"

"काही नाही अक्का. तू पण ठेवतेस."

"मीठमिरची हातात देत नाहीत, भांडण होतं. आईने शिकवलंय."

"मीठमिरचीचं माहीत आहे," तो टीव्हीकडे बघत म्हणाला. "चहा?"

सिनेमात तो माणूस ट्रे उचलत होता. मी आत गेले आणि भांडी आपटली. आई, मला वाटत होतं मी तुझं शास्त्र पाळतेय. कप ओट्यावर ठेवायचा, "घे" म्हणायचं आणि वळायचं. किचनमधल्या बाकीच्या पोरांना मी हातात देते की ठेवते, तेही मला आठवेना. तशीच बाहेर आले आणि विचारलं, "व्हिसा संपतोय तुझा. राहणार का जाणार?"

त्याला वाटलं नसावं कुणी विचारेल. म्हणाला, "विचार करून सांगतो."

विचार! मी इथे महिनाभर डोकं शिजवतेय आणि हा विचार करणार? चार दिवस विचार केला. चपात्या लाटायचा, विचार करायचा. माझा मुलगा म्हणतो, "यल्ला मामा, लवकर बोल, व्हिसाचा फॉर्म भरायला टायपिंगवाला थांबलाय." तरी हा थंड. त्या चार दिवसांत माझी भाजी दोनदा खारट झाली. मुलाला वाटलं बीपी वाढलंय. पाचव्या दिवशी पीठ मळता मळताच बोलला, "राहतो. पण शुक्रवारी पूर्ण सुट्टी पाहिजे."

"कशाला? कुठे जायचंय?"

"जायचंय." एवढंच. अक्का नाही, बरं नाही, काही नाही. मला चीडच आली, पण खरं सांगते, हा आवाज माझ्या ओळखीचा होता. पतंगासाठी तुझ्याशी भांडायचा तो.

दिली सुट्टी. पहिल्या शुक्रवारी इस्त्रीचा शर्ट घालून गेला. मी म्हटलं, झालं, बाई असणार नाहीतर बाटली. संध्याकाळी आला तर पँट गुडघ्यापर्यंत ओली. "खोर फक्कानला गेलो होतो," म्हणतो. देशाच्या दुसऱ्या टोकाला आहे ते, शेअर टॅक्सीत बसून अर्धा दिवस जातो. म्हटलं, समुद्र दुबईत नाही का? तर म्हणाला, "तिथे समुद्राला लागून डोंगर आहे, अक्का. आपल्या गावासारखा." मी म्हटलं, डोंगर बघायला कुणी इस्त्री करून जातं होय? त्याने पाय धुतले आणि झोपायला गेला.

माझा अजून पूर्ण विश्वास नाही, हे तुला लिहून ठेवते. पुढच्या शुक्रवारी परत निघाला तेव्हा मी दारात उभी राहून उगाच चप्पल पुसत होते. येतेस का, असं त्याने विचारलं नाही. मीही त्याला काही म्हटलं नाही. मला जायचं होतं, आई.