तपकीर सोडल्यापासून

निपाणी, ता. ११ नोव्हेंबर १९०२
तपकीर सोडून आज अकरावा दिवस. पाडव्याला सौ.ला शब्द दिला तो अजून पाळलाय, माझं मलाच नवल वाटतं. तिला आठवा महिना सरत आला, तपकिरीनं मळमळतं. म्हणाली होती, "बाळाला घ्याचं हात हैत ते. त्यांस्नी तसला वास नगं." डबी तिच्या ताब्यात. शिंका थांबल्या आणि वीस वर्षांनी नाक उघडलं. आज वर्गात कोणाच्या डोक्याला करडईचं तेल, कोणाच्या खोबरेल, सगळं कळत होतं. घरी आलो तर तापल्या दुधाचा वास दारापर्यंत आलेला. मोठी गंमत वाटली.

जेवायला बसलो तेव्हा माजघरात आणखी एक वास आला. गोडसर, कुजका. गेला, परत आला. सौ.ला विचारलं. "न्हाय बा. मला कायबी येत न्हाय."

१२ नोव्हें.
वास आहे. शाळेआधी मोरी राखेनं घासली, भोक काठीनं मोकळं केलं. मोरीचा नाही. कांद्याची टोपली उपसली. दोन सडके निघाले, तेव्हा हायसं वाटलं. फेकून दिले. वास तिथंच.

मनात काय आलं ते लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहितो. उंदीर. दिवाळीआधी वरच्या आळीत उंदीर पडले, चार घरं माळावर झोपड्यांत गेली. मेलेला उंदीर सापडला की सांगायचं, घर सोडायचं, कौलं उतरवून ऊन आत घ्यायचं, पुढे दोन महिने झोपडी. आम्ही दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. मुलगी तिथंच झाली. प्लेग आमच्यात कुणाला शिवला नाही. पोर थंडीनं गेली, बारशाच्या आदल्या दिवशी. नाव ठेवायचं राहिलं.

१३ नोव्हें.
घरमालक आप्पांना बोलावलं. हे घर त्यांच्या आजोबांचं, निम्म्यात आम्ही, निम्म्यात त्यांची तंबाखूची पोती. जैन माणूस, मुंगीलाही जपून चालणारा. माजघरात उभं राहून दोनदा श्वास घेतला. "मास्तर, तंबाकू घामेजलीया. आमच्या बाच्या वक्तापास्नं ह्या घराला ह्यो वास हाय." मला बरं वाटलं. आप्पा खोटं कशाला बोलतील?

संध्याकाळी पाहतो तर त्यांची पोती गाडीत चढत होती. कुठं, म्हणून विचारलं. "दुसरीकडं जागा मिळाली." नजरेला नजर दिली नाही.

१४ नोव्हें.
वास कमी. खरं तर ऊदच इतका जाळलाय की डोळे चुरचुरतात. सौ. म्हणाली, तुळशीच्या लग्नाचे दिवस आहेत. बरं.

पण मग आठवलं. शेजारी फोडणीत लसूण पडला तरी परसात धावणारी ही बाई. काल माझ्या सदऱ्याला खडूचा वास येतो म्हणाली. आणि तिला हाच एक वास येत नाही?

१५ नोव्हें.
मेहुण्याचं कार्ड आलं, येळ्ळूरहून. सौ.ला बाळंतपणाला पाठवू का विचारलं होतं. लिहितो, गाव सगळा माळावर, आक्काला पाठवू नका, इथं आमचंच धड नाही. वाचून दाखवलं. ऐकत होती, वाती वळत होती. हात थांबले नाहीत.

तो एक दरवाजा होता, तोही बंद झाला.

१७ नोव्हें.
म्युनिसिपालिटीचा माणूस आला. वही, शाई, सगळा लवाजमा. आमच्या दारातला उकिरडा काठीनं उकरून पाहिला. "उंदीर बिंदीर पडलाय का घरात?" मी तोंड उघडायच्या आत सौ. पुढे झाली. "न्हाय. मांजर हाय की." मांजर नाही. कधीच नव्हतं.

मी तिथं उभा होतो. गप्प राहिलो. पोरांना वर्गात खरं बोला म्हणून छडी मारतो.

१८ नोव्हें.
शाळेला दांडी. माळ्यावर चढलो, कौलांखालचा कोपरा न् कोपरा पाहिला. जुने पेटारे, एक मोडका पाळणा, जाळी. मेलेलं काही नाही. पण जिवंतही काही नाही. उतरताना लक्षात आलं, वर खुडबुड ऐकून कितीतरी दिवस झाले. एरवी पिठाच्या डब्याचं झाकण रोज सकाळी खाली पडलेलं असायचं. आता जागच्या जागी असतं.

तिथंच पायरीवर बसलो. मी भित्रा माणूस आहे, हे निदान इथं लिहायला हरकत नाही.

१९ नोव्हें.
रोज उठल्यावर काखा चाचपतो. आज दोनदा. सौ. पाठमोरी असली की तिच्या मानेकडे बघत बसतो. तिला हात लावून बघावं, तर कशाला म्हणून विचारेल.

ती बाळंतिणीची खोली रोज सारवते. आठव्या महिन्याची बाई, गुडघ्यांवर. मी सारवतो म्हटलं तर हसली. "तुमचं हात खडूचं." आत येऊ देत नाही. म्हणे पुरुषाचं काम नाही तिथं.

वास त्या खोलीकडून येतो. आज पक्कं कळलं.

२० नोव्हें.
सापडलं.

सौ. विहिरीवर गेली तशी आत शिरलो. शेकाला म्हणून कोपऱ्यात शेणी रचल्यात, माझ्या छातीएवढ्या. मागं हात घातला. मडकं. तोंड शेणानं लिंपलेलं, वर पुन्हा सारवलेलं. फोडायची गरज नव्हती.

मागं वळलो तर ती दारात, काखेत घागर.

"किती?"
"सात."
"कवापास्नं?" माझ्या तोंडून गावाकडची बोली आली.
"पाडव्याच्या दुसऱ्या दिशी पैला पडला. आदल्या दिशी पडला असता तर तुमची डबी म्या काढून घेतली नसती."

उकिरड्यावर टाकले असते तर तो माणूस काठीनं उकरतो. चुलीत घातले असते तर वास आळीभर. लांब जाऊन पुरावे तर तिला चालवत नाही. म्हणून मडकं. सगळं नीट विचार करून केलेलं. मी ओरडलो. म्हटलं, तू मरशील, पोटातलं मरेल, मी मरेन. ती घागर उतरवून खाली बसली.

"एक तितं ठिवून आलो. ह्ये न्हेणार न्हाय."

दोघं रडलो, बराच वेळ.

२१ नोव्हें.
पहाटे मडकं घोंगडीत गुंडाळून ओढ्यापलीकडे नेलं, खोल पुरलं. घोंगडी जाळली. आल्यावर कडकडीत पाण्यानं अंघोळ. वाटलं, संपलं. शाळेतून आलो, दार उघडलं.

वास तसाच. भिंतीतून, जमिनीतून, कुठून ते कळत नाही. अजून आहेत.

माळावर जाऊन आलो. कडब्याची झोपडी मिळते आहे, एक बाजू उघडी. वारं असं की बोलताना शब्द उडून जातो. हातानं चाचपलं तर जमीन ओली. तरी गाडीवाल्याला उद्या सकाळी ये म्हणून सांगितलं. चार घोंगड्या, शेगडी, शेणी. सांगून टाकलं, म्हणजे मला मागे फिरता येऊ नये.

सौ.ला सांगितलं. भाकऱ्या रोजच्यापेक्षा जास्त थापल्या. मला वाटलं, तयार झाली.

२२ नोव्हें.
उठलो. काखा पाहिल्या. काही नाही. तिच्या कपाळाला हात लावला, कोमट लागलं. चुलीपाशी बसली होती, त्यानं असेल.

गाडी आली. घोंगड्या बाहेर नेल्या. बाळंतिणीच्या खोलीत बघतो तर ती नव्यानं सारवलेल्या जमिनीवर भिंतीला पाठ लावून बसलेली. पुढ्यात पाटावर माझी डबी. काठोकाठ भरलेली, ताजी. कोणाकडून आणवली देवाला ठाऊक.

"चल," म्हटलं.
"दोन चिमट्या घ्या. मग तुमास्नी वास येणार न्हाय."
"आणि तुला?"
"मला येऊ दे. मी सोशीन."

मग म्हणाली, "तितं न्हेलं तर तुमच्या डोळ्यांदेखत जातंय. हितं जाईल का ऱ्हाईल, निदान ठावं न्हाय."

मी तिथंच बसून वही उघडली. पंधरा वर्षं मास्तरकी केली, दुसरं काही येत नाही.

गाडीवान बाहेरून एकदा हाक मारून गेला, आता दुसरी मारतोय. बैल जुंपलेलेच आहेत. त्याला म्हटलं, थांब, थोडं लिहायचं आहे. पाट मी माझ्याकडे ओढून घेतलाय. डबीचं झाकण उघडं आहे आणि इतक्या दिवसांनी तपकिरीचा वास येतो आहे, वाईट नाही. त्याच्याखालून तो दुसराही येतो. सौ. माझ्या हाताकडे बघते आहे.

लिहून झालं.