एक्याण्णव साबण

३ मार्च
पॅकिंग विभागाच्या प्रमुखाची जागा निघाली. लेखी परीक्षा आहे, त्यात संख्यांवर एक भाग. वीस वर्षं साबणाची खोकी भरतोय, मला कोण हरवणार? लेबलच्या टेबलावरून आमच्या हिनंही फॉर्म भरला. म्हटलं भर, मला सोबत होईल.
संकल्प : रोज पहाटे पाचला अभ्यास.

४ मार्च
सव्वासातला उठलो. मेंदूला विश्रांतीही लागते.

६ मार्च
हिला शिकवायला बसलो. नैसर्गिक संख्या एकपासून सुरू. ज्या संख्येला फक्त एकानं आणि त्याच संख्येनं भाग जातो ती मूळ. म्हणजे एक मूळ. ही म्हणाली, नाही, बरोब्बर दोन विभाजक लागतात, एकाला एकच आहे. म्हटलं, कीस काढू नकोस. मग म्हणे दोन ही मूळ संख्या. सम आणि मूळ? पुस्तकात तसं आहे म्हणाली. छपाईची चूक.

९ मार्च
स्वतःची युक्ती शोधली. सम नको, शेवटी पाच नको, तीननं भाग नको, की झाली मूळ. सात, अकरा, तेरा, सतरा, सगळ्यांवर तपासली. पुढे तपासायची गरज नाही.

११ मार्च
मोठ्या गिऱ्हाइकाला एका थरात एक्याण्णव साबणांचा ट्रे हवा, सारख्या ओळींत. मॅनेजरनं सगळ्यांदेखत विचारलं, बसतील का? एक्याण्णव मूळ आहे, जमणार नाही, मी ठणकावलं. त्यानं गिऱ्हाइकाला फोनवर जमणार नाही असं कळवलं. त्यांनी ऑर्डर दुसरीकडे द्यायची भाषा केली.
तेवढ्यात ही लेबलं टाकून आली. साबण मांडायला लागली. सात ओळी, एकेका ओळीत तेरा. एकही उरला नाही. मॅनेजरनं घाईघाईनं पुन्हा फोन लावला. ऑर्डर टिकली.
म्हटलं, कोणाचं लक्ष आहे का ते बघत होतो. कोणीच हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
घरी ही म्हणाली, अभ्यासाला सोबत बसू या का, मला तुमची काळजी वाटते. गरज नाही म्हटलं.

१५ मार्च
पेपर सोपा. सर्वांत लहान मूळ संख्या? एक. सर्वांत लहान संयुक्त? सहा, अंदाजानं. बाहेर हिला विचारलं. दोन आणि चार, म्हणाली. पण तीही चुकू शकते.

२२ मार्च
निकाल लागला. ही पहिली. मी नववा. उमेदवार नऊ होते.
मॅनेजर मला गोदामात हलवणार होता म्हणे. हिनं थांबवलं. बायकोच्या मेहेरबानीवर? छे! राजीनामा लिहिला, छान उतरला. नियमाप्रमाणे विभागप्रमुखाकडे द्यायचा, म्हणून जेवायच्या आधी हिच्यापुढे ठेवला. तिनं सावकाश वाचला. म्हणाली, असले कागद मी घरी घेत नाही, उद्या ऑफिसात आणा. आणतोच, म्हटलं.
ती ताटं घेऊन आली, समोर बसली. मग हळूच म्हणाली, आणू नका.
नाही आणणार.